मागच्या झाकणाचं पॅकिंग

ही गोष्ट सांगायची मी साठ वर्षांहून जास्त काळ टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. चाळीतलं जुनं कुणी भेटलं आणि "तुझी ती गाडी आठवते काय रे?" म्हणून हसलं, की मीही हसायचो आणि बोलणं क्रिकेटवर न्यायचो. आता ते हसणारेही राहिले नाहीत.

गेल्या महिन्यात पुतण्याकडे गेलो होतो. त्यानं पन्नाशी ओलांडली, तरी रिमोटवर चालणारी, नायट्रो इंधनाची छोटी गाडी पळवायचा नाद काही सुटत नाही. त्या दिवशी त्याची गाडी बिनसली होती. सुरू व्हायची, आपोआप जोरात फिरायला लागायची आणि गप्प व्हायची. तो कार्बुरेटरची सुई फिरवून फिरवून घामाघूम झाला होता. मी खुर्चीतूनच म्हणालो, "सुईला हात लावू नकोस. हवा ओढतंय ते. मागचं झाकण उघडून बघ." त्यानं उघडलं. आतलं सील फाटलेलं निघालं.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून," एवढंच म्हणालो. घरी आलो आणि वही काढली.

मी वीस वर्षांचा होतो. भोईवाड्याला चाळीत राहायचो, इंजिनियरिंगचा डिप्लोमा करत होतो. वडील गिरणीत होते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या चाळीच्या प्रत्येक भिंतीवर गेरूनं घोषणा लिहिलेल्या होत्या, आणि संध्याकाळी सभा असली की जिने रिकामे व्हायचे. माझा एक मामा बोटीवर ऑइलमन होता. त्यानं एका फेरीत माझ्यासाठी एक इंजिन आणलं. पेरूएवढं, पण खरंखुरं. दट्ट्या, सिलिंडर, तेलाची सुई, सगळं त्यात होतं. ठिणगीसाठी प्लग नव्हता. दट्ट्यानं हवा इतकी दाबायची की मिश्रण आपोआप पेटावं, अशी त्याची रचना.

सोबतच्या कागदावर इंधनाचं माप होतं. एक भाग एरंडेल, एक भाग घासलेट, एक भाग इथर. पहिल्या दोन गोष्टी वाण्याकडे मिळाल्या. इथर कुठून आणायचं?

वडिलांच्या पायाला गळू झालं होतं. दादरला एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात एक दिवसाआड पट्टी बदलायला मी त्यांना नेत असे. वर शस्त्रक्रियेच्या दोन खोल्या होत्या. पट्टी बांधणारा ड्रेसर तिशीतला होता. त्याच्या हातात जादू होती. वडील शिवराळ माणूस, पण त्याच्यासमोर हूं की चूं करत नसत. गोळीबाराच्या दिवसांत चार दिवस घरी न जाता त्यानं जखमा बांधल्या होत्या, हे कंपाउंडरनं आम्हाला सांगितलं होतं. तो घोडपदेवला राहायचा. आदल्या वर्षीच त्यानं घरच्यांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

मी त्याला हळूच विचारलं, "दादा, थोडं इथर मिळेल का?"

"कुणाला बेशुद्ध करणार?"

"गाडी चालवायचीय."

तो मोठ्यानं हसला. पण पुढच्या रविवारी इंजिन बघायला स्वतः चाळीत आला. गुळाच्या ढेपेकडे बघावं तसा इंजिनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिनेर, याला गाडी मी करतो."

आणि केली. लाकडाचा सांगाडा, सायकलच्या टायरमधून कापलेली चाकांची रबरं, पत्र्याचं बॉनेट. सगळं त्याच्या हातचं. माझं फक्त इंजिन. गच्चीवरच्या गुळगुळीत कोब्यावर मधोमध लोखंडी खांब उभा केला, पोलादी तारेनं गाडी त्याला बांधली. गाडी खांबाभोवती गोल धावे.

इथरचंही त्यानं सांगून ठेवलं होतं. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी पेशंटला वापरायची नाही, असा दवाखान्याचा नियम. उरलेलं कातडी पुसायला घ्यायचे किंवा ओतून द्यायचे. ते त्यानं डॉक्टरांना विचारून, पण कुणासाठी ते न सांगता, एका तपकिरी बाटलीत जमवायला सुरुवात केली. पहिल्याच रविवारी गाडीनं अकरा फेऱ्या मारल्या. पोरंटोरं ओरडली. दादानं कठड्याला टेकून कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "चालतंय की रे तुझं बोटीवरचं!"

चाळ कमिटीच्या सेक्रेटरींनी ते बघितलं. चाळीचा वार्षिक समारंभ तीन आठवड्यांवर होता. ते म्हणाले, गाडीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा झेंडा लावून सगळ्यांसमोर पळवा. आम्ही हरखलो.

मग मी चूक केली. एका मंगळवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी इंजिनाचं मागचं झाकण उघडलं. दादानं बजावलं होतं, चालतं इंजिन उघडायचं नाही. पण आत काय आहे हे बघितल्याशिवाय मला राहवेना. चार बारीक स्क्रू काढले. झाकणाखाली कागदाचं पातळ पॅकिंग होतं. ते धातूला चिकटलं होतं, ओढताना एका बाजूनं फाटलं. मी तुकडे जागेवर जुळवले, झाकण घट्ट आवळलं आणि कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी गाडी खोकली, सुरू झाली, एकदम किंचाळल्यासारखी फिरली आणि बंद पडली. इंजिनाच्या चाकाला गुंडाळलेली दोरी पुन्हा ओढली, पुन्हा तेच. दादानं कान जवळ नेला.

"हवा खातंय कुठूनतरी. झाकण उघडलं होतंस का?"

"नाही."

"दवाखान्यातली रबरी नळी आहे माझ्याकडे. इंजिन पाण्यात बुडवून नळीनं फुंकू. जिथून बुडबुडे, तिथून हवा."

"पाण्यानं गंजेल ना आतून," मी म्हणालो. घासलेटात बुडवलं असतं तर गंजण्याचा प्रश्नच नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

सेक्रेटरी वर आले होते. दहा-बारा माणसं उभी होती. सेक्रेटरी म्हणाले, "काय रे, गाडी चलतली की नुसती खोकतली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "इंजिन ठीक आहे. इथर शिळं आहे. उरलेलं आहे ना ते, दम गेलाय त्याचा."

"म्हंजे उष्ट्या-खरकट्यावर गाडी चलवतास होय!" सेक्रेटरी म्हणाले. माणसं हसली. मीही हसलो.

दादा हसला नाही. त्यानं नळी गुंडाळून खिशात ठेवली. जिना उतरताना मी त्याच्या मागे होतो. तिसऱ्या मजल्यावर थांबून तो म्हणाला, "माझ्या आईनं गावात दुसऱ्यांच्या उरलेल्यावर दिवस काढले, इंजिनेर. ते आता आमच्यात बंद. तुला उरलेलं आणून दिलं ही माझीच चूक. ताजी बाटली आणतो."

"कशी आणणार?"

"स्टोअरमधून घेतो. पगार झाला की तिच्या जागी दुसरी आणून ठेवीन."

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. पण मी म्हणालो, "बघा, जमलं तर."

शनिवारी तो सीलबंद बाटली घेऊन आला. माझ्यासमोर सील फोडलं, माप घेऊन मिश्रण केलं. गाडी तशीच खोकली, तशीच किंचाळली, तशीच थांबली. त्यानं माप दोनदा बदलून बघितलं. अंधार पडायच्या आत तो निघून गेला. बाटली माझ्याकडेच राहिली.

सोमवारी दवाखान्यात बाटल्या मोजल्या, एक कमी भरली. डॉक्टरांनी विचारलं, दादानं लगेच सांगितलं, मी घेतली. कुणासाठी, ते सांगितलं नाही. डॉक्टर कडक होते, पण वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं, हा बाहेर विकत असणार आणि घेणाऱ्याला पाठीशी घालतोय.

बुधवारी मी वडिलांना घेऊन गेलो. पट्टी कंपाउंडरनं बांधली, आणि वडील कळवळले. डॉक्टर खाली आले. मला म्हणाले, "तो तुमच्या चाळीत येत असे म्हणतात. बाटली तुमच्याकडे आणली होती का? खरं सांग. काही खेळाबिळासाठी नेली असेल, तर मी समज देऊन ठेवून घेईन त्याला. हात चांगला आहे त्याचा. पण विकली असेल, तर माझ्याकडे चोर नको."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! वडील शेजारच्या बाकावर होते. आदल्याच आठवड्यात ते डॉक्टरांना सांगत होते, "आमचा मुलगा इंजिनियर होणार." बाटली माझ्या कॉटखाली होती.

मी म्हणालो, "नाही डॉक्टर. मला काही माहीत नाही."

दादाची नोकरी गेली. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरा दवाखाना दारात उभा करत नाही.

शुक्रवारी दुपारी मी एकटा गच्चीवर गेलो. आदल्या शनिवारी दादा त्याची रबरी नळी आमच्याकडे विसरला होता. वाडग्यात घासलेट घेतलं, इंजिन बुडवलं, बाकी भोकं बोटांनी दाबून फुंकलं. खरं सांगतो, बुडबुडे येऊ नयेत, इथरच वाईट निघावं, अशी माझी इच्छा होती. बुडबुडे आले. मागच्या झाकणाच्या डाव्या कडेनं, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे, एकामागून एक.

मग जे पंधरा दिवसांपूर्वी करायचं ते केलं. ड्रॉइंगच्या जाड कागदाचा तुकडा झाकणाच्या तोंडावर धरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कडेकडेनं ठोकला, म्हणजे धातूची कडच कागद कापते. तो एरंडेलात भिजवला. दोन्ही बाजूंना सुतारांच्या पॉलिशचा चपडा बोटानं अगदी पातळ लावला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. सगळ्याला अर्धा तास लागला असेल. इंधन मात्र मी ताज्या बाटलीतून केलं नाही. तपकिरी बाटलीच्या तळाशी दादाचं उरलेलं इथर होतं, ते घेतलं.

पहिल्याच ओढीला इंजिन लागलं. गाडी सोडून मी खांबापाशी उभा राहिलो. तारेमुळे मधून बाहेर पडता येईना, आणि टाकी संपेपर्यंत ती थांबवता येईना. ती माझ्याभोवती फिरत राहिली. आवाज इतका स्वच्छ होता की कुठेही खोट काढायला जागा नव्हती.

वार्षिक समारंभाला मी गाडी पळवली. झेंडा फडफडला, घोषणा झाल्या, सेक्रेटरींनी मला हार घातला. कानात म्हणाले, "बघलस? उष्टा सोडलस आणि गाडी धावली!" मी हार काढून हातात धरला.

महिन्याभरानं मनाचा हिय्या करून घोडपदेवला गेलो. वाटेत सबंध वाक्य पाठ केलं होतं. खोली लहान, पण लखलखीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा. वहिनींनी चहा ठेवला. दादा नुकताच कामावरून आला होता. जवळच्या लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायचं काम त्याला मिळालं होतं. बोलता बोलता तो सुईनं तळव्यातली लाकडाची कुसळं काढत होता. ते हात मी नीट बघितले. वडिलांच्या पायाला न दुखवणारे हात.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "गाडी चालली म्हणे समारंभाला?"

"चालली."

"वाटलंच मला. म्हणजे इथर ताजं असो की शिळं, माझं मिश्रणच चुकत होतं. तू माप बदललंस ना?"

"हो. थोडं बदललं."

"बघ! शिकलेल्या माणसाचा हात लागला की होतं." मग त्यानं सुई खाली ठेवली. "इंजिनेर, एक बोलायचं होतं. माझ्यामुळे तुला चार माणसांत खाली बघावं लागलं. आणि बाटलीच्या भानगडीत तुझं नाव येतं की काय, याचीच मला काळजी होती. मनावर घेऊ नकोस. माफ कर."

वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी कप घेतला.

"जाऊ द्या, दादा," मी म्हणालो.

मी त्याला माफ केलं! चहा संपवला आणि उठलो. तो नाक्यापर्यंत पोचवायला आला.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा त्या खोलीत दुसरं कुटुंब होतं. ते म्हणाले, वखारीत पायावर ओंडका पडला, मग बिऱ्हाड हलवलं, कुठे ते माहीत नाही. मी वखारीत जाऊन विचारू शकलो असतो. वखार दोन मिनिटांवर होती. मी बस पकडून घरी आलो. पुढे मी खरंच इंजिनियर झालो, चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. या सगळ्या वर्षांत दादाला शोधायला पुन्हा एकदाही बाहेर पडलो नाही. आज तो असता तर शंभरीच्या पलीकडे असता. म्हणजे आता नाहीच.

त्या दिवशी घोडपदेवच्या वाटेवर पाठ केलेलं वाक्य मला अजून जसंच्या तसं येतं. दादा, इथर शिळं नव्हतं आणि तुमचं माप चुकलं नव्हतं. झाकण मी उघडलं, पॅकिंग मी फाडलं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणणाराही मीच. मला माफ करा.