सरखेलचं कॅसरोल

ज्याचे डोळे पाहिले नाहीत असा मासा सरखेल खात नसे. ठाण्याला कोळीण टोपली उघडायची तेव्हा तो पापलेटाकडे असा रोखून बघे, की मेलेल्या माशानेही ओशाळून नजर खाली घ्यावी, असं त्याची बायको सांगते. असा माणूस आयर्लंडला आला. इथल्या सुपरमार्केटात मासा चौकोनी असतो. त्याला डोकं नाही, शेपूट नाही, आणि पूर्वायुष्याचा मागमूस तर मुळीच नाही.

सरखेल हे त्याचं आडनाव नव्हे. समुद्राविषयी तो आरमारप्रमुखाच्या थाटात बोले म्हणून मी त्याला ते चिकटवलं, आणि त्याने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. प्रत्यक्षात चेरीवूडच्या एका कंपनीत तो इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. नावं ठेवायची उपजत आवड आणि त्याचाच पगार, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. रविवारी तो आमच्या डून लेरी गावच्या बंदराच्या धक्क्यावर जाई, गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बादल्यांत डोकावे आणि माझ्याकडे वळून म्हणे, "समुद्र चांगला आहे रे. माणसं कमी पडतात."

आम्ही दोघे नोरीनबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. मधल्या मजल्यावर त्या स्वतः, आणि खाली तळघरात परसदार असलेली एक छोटी जागा, जी ईस्टरला रिकामी होणार होती. सरखेलचा जीव त्या जागेत अडकला होता. बायको आणि सात वर्षांची मुलगी ठाण्यात बॅगा भरून बसल्या होत्या. घर मिळालं की यायच्या. पण या गावात नोकरी मिळते, घर मिळत नाही. जागा बघायला जावं तर दारापुढची रांग कोपरा वळून बसथांब्याला टेकलेली. म्हणून सरखेल काटकसर करी, ताजा मासा घेत नसे आणि तळघराच्या खिडकीकडे, पूर्वी पापलेटाकडे बघे, तसा बघे.

"अरे, मग विचार ना तिला सरळ," वहिनी फोनवर म्हणत.

"असं विचारायचं नसतं. माणूस आधी ओळखीचा व्हावा लागतो."

"दोन वर्षं तिच्या डोक्यावर राहतोयस. अजून किती ओळखीचा होणार?"

सरखेलचं नेटवर्क अशा वेळी नेमकं जाई.

हिवाळ्याच्या शेवटी तो तापाने आडवा झाला. नोरीनबाई काचेचं भांडं घेऊन वर आल्या. आत ट्यूना कॅसरोल होतं: डब्यातला ट्यूना, पास्ता, वाटाणे, डब्यातलंच मशरूमचं सूप आणि वर चुरडलेले बटाट्याचे वेफर्स. त्या गेल्यावर सरखेलने एक घास खाल्ला आणि उशीला टेकून डोळे मिटले. "हा मासा नाही," तो म्हणाला, "हे माशाचं तेरावं आहे." उरलेलं मी संपवलं. मला आवडलं होतं, पण तापातल्या माणसाला दुखवू नये.

खरा पेच पुढेच होता. भांडं परत करायचं, आणि रिकामं भांडं परत करत नाहीत. मी म्हटलं, "आई चिमूटभर साखर घालून देते."

"साखर? आपण काय हळदीकुंकवाला आलोय?" सरखेल ताठ बसला. "तिने कॅसरोल दिलं ना? मग कॅसरोलच जाईल. फक्त सुधारून."

पहिल्या प्रयत्नात त्याने दुधाच्या सॉसमध्ये आमसूल घातलं. सॉस फुटला. "आयरिश दूध," सरखेल म्हणाला, आणि दोष दुसऱ्या राष्ट्राच्या पदरात घालून मोकळा झाला. दुसऱ्या वेळी मात्र त्याला खरंच सुचलं. ट्यूनाच्या डब्यातलं तेल लोक ओतून देतात. त्याने त्याच तेलात कांदा, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतली. सूप आणि दूध दोन्हींना रजा देऊन बेसनाचं पातळ पिठलं केलं, त्यात आमसूल सुखाने नांदलं. ट्यूना अगदी शेवटी घातला, कारण "एकदा शिजून डब्यात गेलेल्याला पुन्हा शिजवणं हा छळ आहे." वर शिळ्या पावाचा चुरा आणि मूठभर रवा टाकून ओव्हनमध्ये खरपूस केलं. सगळं मिळून नोरीनबाईंच्या कॅसरोलच्या निम्म्या पैशांत झालं, आणि सांगायला जड जातं, पण दुप्पट चांगलं झालं.

भांडं खाली गेलं. पुढच्या शुक्रवारी ते भरून वर आलं, आत पुन्हा वेफर्सवालं. सरखेलने हे आव्हान समजून स्वीकारलं. नोरीनबाईंनी काय समजून पाठवलं ते मला नंतर कळलं: या मुलांना आपलं कॅसरोल इतकं आवडलं, की ती भांडं परत देऊन अजून मागताहेत, असं त्यांना वाटत होतं. सोबत येतं ते तिखट पिवळं काहीतरी म्हणजे आभार. ईस्टरपूर्वीचे त्यांच्या उपासाचे दिवस चालू होते. शुक्रवारी मांस नाही, मासा चालतो. उपासाचं कळल्यावर सरखेलने वरचे वेफर्स चमच्याने बाजूला सारले. मग म्हणाला, "उपासाला मासे! इतका सुधारलेला धर्म, आणि पदार्थ हा?"

भांडं जिन्यावरून खाली-वर करत राहिलं. मिरची कमी झाली, कोथिंबीर वाढली, एकदा कैरीही पडली. सरखेल आता जागेबद्दल बोलेनासा झाला होता. तो कॅसरोलबद्दलच बोले, आणि त्याच्या लेखी ते एकच होतं. "या शुक्रवारी ती आपणहून विषय काढते की नाही बघ," तो दर शुक्रवारी म्हणे.

विषय त्यांनी काढला, पण माझ्याकडे, जिन्यात. तळघरात त्यांचा पुतण्या येणार होता. त्याला खरं तर शहरातच राहायचं होतं, पण जागा ओस पडण्यापेक्षा बरं. मी चाचरत सरखेलच्या बायको-मुलीचं सांगितलं. नोरीनबाईंनी कठडा धरला. "त्याला बायको आहे? तुमचा तो तर कधी बोललाच नाही. मला वाटलं, एकटा आहे बिचारा, म्हणून इतका रांधतो. आता तर मी पुतण्याला शब्द देऊन बसले."

मी वर जाऊन सांगितलं तेव्हा सरखेल कांदा चिरत होता. त्याने तो पुरा चिरला, झाकून ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या शुक्रवारी भांडं धुऊन, रिकामंच खाली गेलं.

सुटका वहिनींनी केली. त्या औषधांच्या रसायनशास्त्रातल्या. त्यांनी कॉर्कजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषधांच्या कारखान्यात अर्ज केला, नोकरी मिळवली आणि सुरुवातीचे महिने राहायला कंपनीचं घरही मिळवलं. "कसं जमवलंत?" मी फोनवर विचारलं. "विचारलं," वहिनी म्हणाल्या. आमचे आरमारप्रमुख त्यांच्यामागोमाग, त्यांच्या घरात, कॉर्कला जाणार असं ठरलं.

निघायच्या दिवशी मी त्याच्या बॅगा गाडीत ठेवत होतो. नोरीनबाई दारात उभ्या होत्या. सरखेलने त्यांचा हात हातात घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना एक सरळ प्रश्न विचारला: मी तेव्हाच मागितली असती, तर दिली असती का जागा?

"अरे देवा, अर्थातच," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

सरखेल गाडीत येऊन बसला. धक्का मागे पडला, समुद्र दिसेनासा झाला, तरी तो बोलेना. बायको-मुलीपासून फुकट दूर काढलेले ते महिने तो मोजत असावा असं मला वाटलं, आणि काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून मी शब्द जुळवू लागलो.

"म्हणजे," सरखेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पदार्थात काही खोट नव्हती."