अरब देशातला पक्ष आणि आमचे भास्करकाका

पीएचडी वेळेवर झाली असती तर सांगायला एकही किस्सा उरला नसता. माझी नऊ वर्षं रखडली, म्हणून पोतंभर साठले! आता नावाआधी डॉ. लागलंय, छातीवरचा धोंडा उतरलाय, म्हणून हसत सांगतोय. शेवटच्या मुदतवाढीत तोंडी परीक्षा हुकली असती तर नोंदणीच रद्द होणार होती.

विषय निवडला तोही माझाच शहाणपणा: एका अरब देशातल्या चिमुकल्या, मध्यम-उजव्या पक्षाचा इतिहास. तोही बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात बसून!

*

आमचे भास्करकाका दर वेळी ग्रामपंचायतीला उभे राहतात आणि दर वेळी पडतात. त्यांनी विचारलं, "मध्यम-उजवा म्हंजे काय बे?"

मी अर्धा तास समजावलं.

"समजलं! जेवाले दोन्ही पॅनलकडं जाते, मत एकालेच देते!"

*

"खासदार किती त्याईचे?"

"दोन होते काका. मग फूट पडली."

"दोन तरी होते! सोसायटीत आपला एकच डायरेक्टर होता, त्याच्यात बी फूट पडली. सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं!"

*

पिंपळगाव राजाचे पाहुणे मला बघायला आले. आई कौतुकानं म्हणाली, "अरब देशातल्या पक्षाचं काम करून राह्यला."

मुलीचे वडील काळजीत पडले. "मंग लग्नाले सुट्टी भेटन ना त्याले?"

त्यांच्यासमोर पोह्यांचा ट्रे धरून मीच उभा होतो!

*

त्या पक्षाला ईमेल करून मी जुने जाहीरनामे मागितले. चार महिन्यांनी उत्तर आलं, भारतातही आपले कार्यकर्ते आहेत हे कळून आनंद झाला! जाहीरनामे मात्र जोडले होते. हायसं वाटलं, माझं तिसरं प्रकरण त्यांच्यावरच तरलं.

काकांना वेगळीच चिंता. "मंग बुलडाणा जिल्हाध्यक्ष कोन? तू का मी?"

*

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. काका प्रचाराचा कडक सदरा घालून मागच्या रांगेत बसले.

बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "फुटीनंतर हा पक्ष दर निवडणुकीत हरतो. तरी लढतो कशाला?"

प्रबंधात याचं उत्तर नव्हतं. नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली. मग गेल्या ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी गावच्या पारावर ऐकलेलं आठवलं.

"सर, पडणारा उभाच राहिला नाही तर समोरचा बिनविरोध येतो. मग मत मागायला दारात कुणी फिरकत नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. "उत्तम! पण याला संदर्भ काय?"

मी उगाच पानं चाळू लागलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी आहो ना, साहेब! सात खेपा पडेल आहो!"