शेंदराखालचा बिल्ला

१४ मार्च १९९९. दुपार कलली होती आणि मी भाताच्या रोपांसाठी राबाच्या जागेवर शेण पसरत होते. वर टहाळ अंथरून भाजायचं काम उरलं होतं. तेवढ्यात डोळखांबच्या जीपवाल्याने बांधावरून हाक मारली. नवऱ्याला वनखात्याच्या फिरत्या पथकाने सागाच्या ओंडक्यांसह धरलं होतं. सकाळी शहापूरला कोर्टात उभं करणार होते.

नवरा गावच्या वनसमितीचा राखणदार. चोर टाकून पळाले ते ओंडके बैलगाडीत घालून तो सरकारी लाकूडडेपोत निघाला होता. तसं त्याने सांगितलं असणारच. पण बिल्ला दाखव म्हटल्यावर काय दाखवणार? बिल्ला घरी देवापाशी. त्याला ओळखणारा वनरक्षक मुरबाडला बदलून गेलेला, नव्या आलेल्याने त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

बिल्ला पत्र्याचा, गोल, रंगवलेला. अधिकाऱ्यांना त्यावर नुसतं सागाचं पान हवं होतं. पाड्यातल्या जाणत्यांनी पानावर वाघ काढायला लावला आणि वर चंद्र-सूर्य, कारण शिवेवरच्या आमच्या लाकडी वाघोबावर तसेच कोरलेले आहेत. लोकांना खूण आपली वाटेल म्हणून अधिकारीही खूश झाले. पण चंद्र-सूर्य आले आणि त्याचा देव झाला. घरात आला त्याच दिवशी सासूने त्याला शेंदूर फासला. नवरा म्हणाला, वाघोबा छातीवर लावून मी बिडी कशी ओढू, परसाकडेला कसा जाऊ? पुढे दर अमावास्येला थर चढत गेला.

मी घरी पोचले तेव्हा वाघही दिसत नव्हता आणि खाली ठसा मारलेला नंबरही. नंबराशिवाय तो नुसता पत्रा. मी विळा घेतला.

सासू आडवी आली. "वाघोबाला खरवडतेस? घरातला माणूस नेल तो."

"नेलाच हाय, आत्या. शहापुरात ठेवलाय."

ती खाली बसली. घरात नारळ नव्हता. तिने मूठभर तांदूळ वाहिले आणि तोंड फिरवलं.

शेंदराबरोबर रंगही सुटू लागला. वाघाचं तोंड गेलं, चंद्र गेला. पत्रा पातळ होता. विळ्याचं टोक एकदा आरपार गेलं, आकड्याच्या अगदी शेजारून. आकडा फाटला असता तर माणूस तुरुंगात गेला असता आणि दाखवायला आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मग विळा ठेवला आणि उरलेलं नखांनी काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने शहापूरची वनकचेरी गाठली. साहेबांनी बिल्ला उलटसुलट करून विचारलं, यावरचा वाघ कुठे गेला?

"सासूने ठेवून घेतला," मी म्हणाले. "नंबर वाचा."

त्यांनी कारकुनाकडून तो समितीच्या नंबरांशी ताडून घेतला. बराच वेळ लागला. कोठडीचं कुलूप निघालं तेव्हा मी बिल्ला नवऱ्याच्या सदऱ्याला टोचला आणि बैल कुठे बांधलेत ते विचारलं.