कानावरचं जानवं

लघवीला जाताना जानवं कानावर चढवायचं आणि ते तिथे असेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. हातपाय धुऊन, चुळा भरून जानवं खाली आलं की मग बोलायला मोकळीक. कुंभकोणच्या आमच्या मराठी घरात हा नियम इतका साधा होता की त्याला कोणी नियमही म्हणत नसे. त्याच्याच पायी माझे सासरे साधुपुरुष झाले आणि जिवानिशी जाता जाता थोडक्यात वाचले.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी तंजावरहून लग्न होऊन आले तेव्हा मामंजी हेडमास्तरकीतून निवृत्त झालेले. बोलण्याची भारी हौस. सकाळी तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसले की दुपारपर्यंत व्याकरणापासून आडुतुरैच्या भातापर्यंत सगळं गल्लीला शिकवून व्हायचं.

मग त्यांच्या परसातल्या फेऱ्या वाढल्या. आमचं घर अरुंद आणि लांबच लांब. ओट्यावरून उठायचं, सगळं घर ओलांडून मागे जायचं, बराच वेळ बसायचं, चार थेंबांवर समाधान मानायचं, हातपाय धुवायचे, चुळा भरायच्या, जानवं उतरवायचं. पुढे येऊन तोंड उघडतात न उघडतात तोच पुन्हा उठायचं. शेवटी त्यांनी जानवं उतरवणंच सोडून दिलं. ते कायम कानावर, आणि मामंजी गप्प.

काय होतंय म्हणून विचारायचं कोणी? मी सून, त्यांच्यासमोर उभीसुद्धा राहत नसे. आमच्या ह्यांनी बापाशी असल्या गोष्टी काढणं शक्यच नव्हतं. सासूबाईंना सगळं समजत होतं, पण ज्या बाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही ती ह्या दुखण्याचं नाव कसं घेणार? त्या मुकाट्यानं धन्या-जिऱ्याचं पाणी करून ठेवायच्या. ते प्यायलं की फेऱ्या आणखी वाढायच्या.

समोर एक तमिळ ब्राह्मण वकील राहत. आमच्या लोकांना गावात रायर म्हणतात. वकिलांनी एके दिवशी जाहीर करून टाकलं की रायरांनी मौनव्रत घेतलं आहे. झालं. केळी आली, नारळ आले. दारासुरम्‌हून एक विणकर जोडपं मुलीचं लग्न जमेना म्हणून पाया पडायला आलं. मामंजी हात वर करून घाईघाईनं आत निघून जात. आत त्यांना समाधी लागते, असंही मग ठरलं. ते जितका वेळ मागे अडकत, तितकी पुढे भक्ती वाढे. मला हसू यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा, कारण त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता.

एका सकाळी ते मागे गेले ते परतेचनात. ओट्यावर मंडळी वाट पाहत बसलेली, कोणीतरी भजन धरलेलं. मी पाण्याला गेले तर मामंजी विहिरीच्या कडेला वाकून बसले होते. पोट टम्म फुगलेलं, अंगाला दरदरून घाम. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. ह्यांनी टांगा आणवला, आम्ही दोघीही बरोबर निघालो. बाहेर लोकांना वाटलं, स्वामी साक्कोट्टैच्या शिवाला निघाले. त्यांनी मामंजींच्या गळ्यात हार घातला, घोड्यालाही घातला, आणि कापूर पेटवला. कापूर विझेपर्यंत टांगा हलू देईनात. मामंजी डोळे मिटून कण्हत होते, तेही लोकांनी हात जोडून ऐकून घेतलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, कपाळाला भस्म. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मामंजी गप्प. ज्या कामासाठी जानवं वर चढलं होतं ते अजून झालंच नव्हतं, मग ते उतरवायचं कसं? डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. आमचे हे शरमेनं लालबुंद, आणि त्यांना वकिलांचंच वाक्य सुचलं. "बाबा मौनात आहेत."

डॉक्टरांनी कानावरचं जानवं पाहिलं, गळ्यातला हार पाहिला आणि खुर्चीवरून उठून नमस्कार केला. म्हणाले, "उपवासानं पोट धरलं असेल. मौन सुटलं की आणा. व्रतभंगाचं पाप मला नको."

दाराशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई आत गेल्या. चारचौघांत त्यांनी मामंजींना हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी त्यांच्या कानावरचं जानवं सरळ खाली ओढलं.

"आतां बोला वो," त्या म्हणाल्या.

मामंजींचे डोळे भरून आले. "होईना गे. कालपासून अस्कें, सगळेंच बंद. मरेन असें वाटतें."

सासूबाई डॉक्टरांकडे वळल्या आणि काय होत नाही, कुठून होत नाही, ते मंडईत वांगी मागावीत तितक्या खणखणीत तमिळमध्ये सांगितलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर ताडकन पुढे झाले. मामंजींना आत नेऊन रबरी नळी घातली, आणि थोड्या वेळानं भांड्यात धार पडल्याचा आवाज बाहेर आला. मी बाकावर बसून रडले. असल्या आवाजानं कोणी आनंदानं रडतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे मद्रासला शस्त्रक्रिया झाली. गल्लीत सगळी बातमी पसरली, केळी-नारळ बंद झाले आणि मामंजी पुन्हा ओट्यावर बसून बोलू लागले. आधीच्या दुप्पट.

काही महिन्यांनी एका सकाळी वकील येऊन त्यांच्याजवळ बसले. मामंजी समास समजावून सांगत होते. वकील मान डोलावत होते, पण एरवी वाद घालणारा माणूस, आज हूं की चूं नाही. मामंजींचं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं आणि समास अर्ध्यातच राहिला.

मी दाराआडून बघत होते. मामंजी वाकले, वकिलांच्या कानावरचं जानवं त्यांनी हलकेच खाली उतरवलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "सांगा. मी ऐकतो."