येशूची मधली वर्षं

येशू ख्रिस्ताविषयी त्या काळी सगळ्या पृथ्वीवर जास्तीत जास्त माहिती जर कुणाला असेल, तर ती आमच्या दाजींना होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. पाद्री लोकांना काय, जन्म ठाऊक आणि मरण ठाऊक. बारा ते तीस या वयात तो कुठं होता, काय जेवला, कुणाच्या ओसरीवर निजला, असं विचारलं की भलेभले गप्प बसत. दाजींना मात्र त्या वर्षांतली त्याचा सर्दी-खोकलासुद्धा पाठ होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परंड्याच्या शाळेत गणिताचे मास्तर. मंगळवारचा देवीचा उपवास त्यांनी जन्मात कधी मोडला नाही. निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकल्यामुळं रागावले की पाढे उर्दूत म्हणत, आणि मग वर्गातल्या पोरांना आपण चुकलो कुठं हेच कळत नसे.

या माणसाचा आणि येशूचा संबंध कसा आला, हे सांगायचं तर आमच्या भाच्याचं सांगावं लागतं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी दाजी आणि अक्का पौर्णिमेला तुळजापूरला गेले होते. बरोबर त्यांचा एकुलता एक मुलगा, बारा वर्षांचा. देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी लोटली आणि तो दिसेनासा झाला, तो झालाच. सोलापूर, बार्शी, लातूर सगळं पालथं घातलं. बारा वर्षांचं पोर हरवत नसतं, ते निघून जातं, असं लोक मागं बोलत. आदल्या दिवशी एक हिशेब चुकला म्हणून दाजींनी त्याच्या थोबाडीत मारली होती. हे दाजींनीच सगळ्यांना सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

पुढं दोनेक वर्षांनी कुर्डुवाडीच्या बाजारात एका ख्रिस्ती प्रचारकाकडून त्यांनी येशूच्या चरित्राची पुस्तिका घेतली. तीही छपाई चांगली आणि किंमत कमी म्हणून. त्यात बारा वर्षांचा येशू जत्रेच्या गर्दीत आईबापांपासून चुकतो आणि शेवटी देवळात सापडतो, एवढं त्यांनी वाचलं, पान उलटलं, तर समोर तीस वर्षांचा माणूस! पुढच्या बाजारी दाजी पुस्तिका घेऊन प्रचारकापुढं उभे राहिले. "ह्यातली मधली पानं गळाल्यात. बदलून द्या." त्या गरिबानं बदलून दिली. तिच्यातही तेच. तिसऱ्या खेपेला प्रचारक हात जोडून म्हणाला, "गुरुजी, ते कुणी लिहिलेलंच न्हाय." दाजी भडकले. "लिहिलं न्हाय म्हंजी? त्याला आई न्हवती व्हय?" त्यानंतर त्या प्रचारकानं बाजारच बदलला म्हणतात.

मग दाजींनी ती वर्षं स्वतःच भरायला घेतली. त्यांच्या मते येशू व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर थेट तेरला आला. तेरच्या मातीत परदेशी नाणी सापडतात, याहून पुरावा तो काय! तिथून बेंबळीला जाऊन गुरं राखली, मुरुमला आडतीच्या दुकानात धान्य मोजणारा मापाडी झाला, परंड्याला किल्ल्याच्या सावलीत हिवतापानं पडून राहिला. किल्ला तेव्हा नव्हता, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "किल्ला नसंल, हिवताप तर व्हता की," दाजी म्हणाले. हा येशू डावखुरा होता, पावसात भिजायला त्याला फार आवडायचं, आणि शेपूची भाजी ताटात दिसली की तो उठून जायचा. आमचा भाचाही तसाच होता. ऐकणाऱ्या सगळ्यांना हे कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. आणखी एक, दाजींच्या येशूला आपल्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी कधी मारत नसे. जमादारसुद्धा त्याला गूळ-शेंगा द्यायचे.

लोक कंटाळले यात नवल नाही. कुर्डुवाडीच्या एस.टी.त दाजी चढले की पुढच्या बाकावरची माणसं गाढ झोपी जात. न्हाव्यानं निम्मी दाढी ठेवून "आलोच" म्हणून पळ काढल्याचं मी स्वतः पाहिलंय. अक्का तर दाजींनी सुरुवात केली की उठून आत जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची. मुलगा हरवल्या दिवसापासून तिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं.

भाच्याला तिसावं लागलं त्या वर्षी दाजींनी घराला चुना काढला. आता तो लोकांपुढं यायचा, पुस्तकात तसंच आहे, असं ते वर्गात सांगू लागले. येणारी प्रत्येक एस.टी. बघायला स्टँडवर जात. मी गेलो होतो त्याच दिवशी ते एका तरुणाला घेऊन घरी आले. तो संकरित ज्वारीचं बियाणं विकत हिंडणारा होता आणि हॉटेलात डाव्या हातानं कप उचलत होता. नाव कुठलं, गाव कुठलं, दाजी-अक्कापैकी कुणी विचारलं नाही. अक्का स्वयंपाकाला लागली. ताटं वाढली तेव्हा मी बघितलं. त्या घरात इतक्या वर्षांत जी कधी शिजली नव्हती, ती शेपूची भाजी तिनं केली होती.

पोरगं भुकेलेलं होतं. सगळी भाजी खाल्ली आणि म्हणालं, "काकू, लई झ्याक झालीय. आणखी वाढा जरा."

अक्कानं वाढली. दाजींनी भाकरी मोडलेली तशीच हातात धरली होती. तरुण हात धुऊन, दोघांच्या पाया पडून निघून गेला.

त्यानंतर दाजी बोलायचे थांबले. येशूचं नाव नाही, तेरचं नाही. इतकी वर्षं टाळणारे लोक आता मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसत, काहीतरी विचारत. न्हावी दाढी निवांत करी. दाजी नुसते ऐकून घेत. पुढच्या दिवाळीला मी गेलो तर घर इतकं गप्प, की मलाच राहवेना. जेवताना मी म्हणालो, "दाजी, परंड्याला तो हिवतापातनं बरा झाल्यावर मग कुठं गेला?"

"मला काय मालूम?" दाजी म्हणाले. "आला असता तर त्यालाच विचारलं असतं."

हा माणूस आता संपला, असं मला स्वच्छ वाटलं. अक्का तव्याजवळ बसली होती. भाकरी उलटत, आमच्याकडं पाठ ठेवूनच ती म्हणाली, "मुरुमलाच गेला असंल परत. आडतीत लिहायला. अक्षर चांगलं व्हतं त्याचं."

दाजींनी मान वर केली. तिच्या पाठीकडं बघितलं.

"मुरुमला न्हाय," ते म्हणाले. "तिथलं पाणी सोसत न्हाय त्याला."

"उकळून प्यायचं मग."

"कोण देतंय उकळून?"

"लगीन झालं असंल की एव्हाना," अक्का म्हणाली, आणि सुनेचं माहेर कुठलं असावं यावरून दोघांचं जे जुंपलं, ते माझं जेवण होऊन मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो तरी चालूच होतं.