धोंडुआत्याची हाळी

आमच्या धोंडुआत्याच्या आवाजाला आटपाडीत कुणी गोड म्हटल्याचं मला आठवत नाही. रानातल्या उंच माळ्यावर उभी राहून ती जोंधळ्यातली पाखरं हाकलायला लागली, की लांबच्या शेतातली बैलंसुद्धा थबकायची. अशाच एका सुगीत भुताच्या सिनेमाची कंपनी शेजारच्या माळावर उतरली. नटीला काही केल्या भुतासारखं ओरडता येईना, आणि आत्याची हाळी काही केल्या थांबेना. शेवटी वैतागून कंपनीनं तीच हाळी टेपवर घेतली आणि हडळीच्या तोंडी घातली.

आत्याचे यजमान तानाजीमामा तेव्हा फौजेत. त्यांनी तो सिनेमा छावणीत पाहिला. हडळ ओरडली तशी भलीभली माणसं दचकली, आणि हा गडी उठून म्हणाला, "आरं, ही तर आमची धोंडू!" सुट्टीवर आल्यावर त्यांनी हे गावभर केलं. पुढं जत्रेच्या तंबूत तो सिनेमा दरसाल यायचा. हडळ ओरडली, की बायाबापड्या देवाचं नाव घ्यायच्या आणि मामा तोंडात बोटं घालून शिट्टी मारायचे. आत्या मात्र लाजून पदर पुढं ओढायची आणि दोन्ही कान गच्च दाबून धरायची.

"आगं, एकदा तरी ऐक की!"

"तुमीच ऐका. मला लाज न्हाई व्हय?"

काय दिवस होते ते! तंबू गेले, गेल्या वर्षी मामाही गेले. तो सिनेमा कुठं गडप झाला कुणास ठाऊक, मोबाइलवरही सापडला नाही. मग कळलं, तोच सिनेमा नव्यानं काढलाय आणि सांगलीत लागलाय. कधी कुणाकडं काही न मागणारी आत्या मला म्हणाली, "मला घिऊन चल. त्यास्नी एवढं काय आवडायचं, ते एकदा ऐकायचंय."

"आत्या, आता आवाज दुसरा असंल."

"हडळ तीच हाय नव्हं? मग हाळी बी तीच."

मी गाडी काढली.

थेटरात आत्यानं पदर खांद्यावर घेतला आणि कान मोकळे केले. हडळ आली, आणि दारात शेपूट सापडलेल्या कुत्र्यासारखी किंचाळली. मागची पोरं चक्क हसली. मला त्या नव्या कंपनीचा असा संताप आला! आत्या शेवटपर्यंत कान देऊन बसली होती. दिवे लागल्यावर तिनं विचारलं, "माजी कवा आली रं?"

"न्हाई आली, आत्या."

आम्ही गावाकडं परत निघालो. कवठे महांकाळ सोडल्यावर रस्त्याकडेला जोंधळा हुरड्यात आलेला दिसला. कणसांवर पाखरांचा थवा बसला होता. आत्यानं गाडी थांबवायला लावली, बांधावर जाऊन उभी राहिली आणि छाती भरून हाळी दिली. आवाज मध्येच चिरकला. तरी सगळा थवा उडाला.

"आपलं आपल्याला कळत न्हाई," ती म्हणाली. "तू सांग, कशी हुती?"

मी तोंडात बोटं घातली आणि मामा मारायचे तशी लांब शिट्टी मारली.

आत्यानं झटकन पदर पुढं ओढला आणि दोन्ही कान झाकून घेतले.