आयेपुढचा लाकडी चमचा

माझे वडील चिऱ्याच्या खाणीत होते. आमच्या रत्नागिरीकडे घराला जो तांबडा जांभा दगड लागतो तो ते तासायचे आणि आये, म्हणजे माझी आई, तो डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायची. चुंबळ घालूनसुद्धा तिच्या टाळूवरचे केस कायमचे गेले. मी सातवीत असताना वडील गेले. खाणीचा मुकादम आमच्या पडवीत बसून म्हणाला, "पोरीलाही लाव कामाला, दोघींच्या मजुरीत घर भागेल." आये म्हणाली, "ती शिकतेय." एवढंच बोलली आणि भाकऱ्या थापायला उठली. मुकादम चहा न घेता गेला.

त्या दोन शब्दांवर मी बी.ए. झाले. आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही सांगते आणि ताठ मानेने सांगते. मान खाली जाते ती बहरीनमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलापाशी.

त्याला कारण कॉलेजचा पहिला महिना. सरांनी प्रश्न विचारला, मी उभी राहून "माला ठावं न्हाय" म्हणाले आणि वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून मी आयेची बोली गावाच्या एसटी स्टँडवरच सोडून यायला लागले. आधी पुस्तकातली मराठी शिकले, मग इंग्रजी. इंग्रजी मी हट्टाने शिकले, म्हणून तर लग्न होऊन बहरीनला आल्यावर मनामातल्या एका हॉटेलात गेस्ट रिलेशन्सची नोकरी मिळाली. नवरा अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. त्याच्या शिफ्ट, माझ्या शिफ्ट आणि मध्ये आमची मुलगी. तिला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरीही इंग्रजीच बोला. मी म्हटलं, माझ्या मुलीवर कुठला वर्ग हसणार नाही.

मी घरात एक खेळ सुरू केला. जेवताना जो मराठी बोलेल त्याच्या ताटापुढे लाल दांड्याचा लाकडी चमचा ठेवायचा. दुसरा कुणी चुकला की चमचा त्याच्याकडे. जेवण संपताना ज्याच्यापुढे असेल त्याने भांडी घासायची. नवरा मुद्दाम चुकायचा, कारण इंग्रजीत त्याला आमटी मागता येत नव्हती. "खलास, माझाच चमचा," म्हणत तो हसत भांड्यांना लागायचा. मुलगी सहा महिन्यांत इतकी तयार झाली की झोपेतसुद्धा इंग्रजी बोलायची. मी ते शेजारच्या खोपोलीच्या बाईंना कौतुकाने सांगितलं होतं.

कुवेतची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आयेला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आणलं. पहिल्या रात्री ती जेवताना म्हणाली, "काय गो बाय, भात वाढू?" मुलीने उठून चमचा तिच्यापुढे ठेवला. आयेने तो हातात घेऊन पाहिला, पुसला आणि ताटाच्या उजव्या अंगाला नीट मांडला. खेळ काय आहे ते मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही चमचा तिच्यापुढे. तिसऱ्याही. आणि भांडी ती तशीही घासायचीच.

मग एका शुक्रवारी ती गावाला माझ्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरात होते. "बरं चाललंय रे. लेक लय मान देते. हितं मोठ्या मान्साच्या ताटापुढं एक लाकडी चमचा ठेवत्यात. रोज माझ्याच पुढं असतो."

मी नळ सोडला आणि आवाज बुडवला.

मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही माझ्याकडे बघून. आयेने हळूहळू विचारायचं सोडलं. तिच्या जाण्याची तारीख तिकिटावर छापलेली होती. ही बाई, जिने मला शिकवण्यासाठी टाळू झिजवली, ती नातीच्या तोंडचा एक शब्द न ऐकता परत जाणार, हे मला रोज दिसत होतं.

त्याच दिवसांत आमच्या हॉटेलात इंग्लंडहून नाटक कंपनी आली. तेव्हा आखातातल्या मोठ्या हॉटेलांत जेवणासोबत नाटक असायचं. इंग्रज मंडळी सुटाबुटात यायची, सूप, मग पहिला अंक. कंपनीतले एक वयस्कर नट तिसऱ्या प्रयोगाला रंगमंचाच्या पायरीवरून घसरले आणि घोटा मोडला. कंपनी मस्कतला गेली, हे प्लास्टर घालून आमच्या हॉटेलातच राहिले. डॉक्टर विमानाला हो म्हणेपर्यंत त्यांची व्यवस्था माझ्याकडे.

ते वेल्सचे. हॉटेलातले इंग्रज पाहुणे त्यांना थांबवून सही घ्यायचे, कारण एका टीव्ही मालिकेत ते अनेक वर्षं पोलीस सार्जंट होते. मी तर त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मी तसं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "सिनेमात मी फार वेळा मेलो," ते म्हणाले. "बुडणारा कप्तान मीच, गोळी लागणारा पाद्रीही मीच. मरायला मी स्वस्त पडायचो."

हॉस्पिटलात जाता-येता ते आपलं आयुष्य सांगायचे, मी विचारायचे. वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत. मी म्हटलं, माझेही खाणीत. त्यानंतर ते माझ्याशी पाहुण्यासारखं बोलेनासे झाले. घरात सगळे वेल्श बोलायचे, ती इंग्रजीहून अगदी वेगळी भाषा. आठ वर्षांचे असताना चर्चमधल्या पाठांतर स्पर्धेत त्यांनी वेल्श कविता म्हणून बक्षीस मिळवलं. मास्तरांनी ओळखलं, स्कॉलरशिप मिळाली, लंडनच्या नाट्यशाळेत गेले. तिथे पहिलं वर्ष बोलणं बदलण्यात गेलं. इंग्रजी उच्चार सुधारायला दातांत बूच धरून तासन्‌तास तालीम. मग फिरत्या कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक, मग लंडनची मोठी रंगभूमी. पहिली मोठी भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी आईला बोलावून घेतलं. चर्चला घालायची टोपी घालून ती पुढच्या रांगेत बसली होती.

"प्रयोगानंतर म्हणाली, छान उभा होतास. कपडे चांगले होते. तिला इंग्रजी येत नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी मी विसरलो होतो. गावी जाऊन तिने शेजाऱ्यांना नाटकाची गोष्ट सांगितली. पूर्ण वेगळी. स्वतःच रचलेली, आणि त्यात मी चांगला माणूस होतो. खरं तर मी खुनी होतो."

मला फोनवरचं आयेचं बोलणं ऐकू येत होतं.

पुढे वेल्श भाषेत टीव्ही सुरू झाला तेव्हा त्यांना बोलावणं आलं. भूमिका खाणकामगाराची, म्हणजे वडिलांचीच. तोवर भाषा गेली होती. एका तरुण मुलीने त्यांना संवाद शब्द शब्द शिकवले, परदेशी माणसाला शिकवावे तसे. त्यात त्यांच्या आईचं काम करणारी म्हातारी नटी चहाच्या वेळी गप्पांना यायची आणि ते नुसतं हसून मान हलवायचे. खरी आई तेव्हा हयात नव्हती.

मी घरी आयेला एवढंच सांगितलं की एक पाहुणा पाय मोडून एकटा पडलाय. ती म्हणाली, "परमुलखात? आण त्येला जेवायला."

ते कुबड्या घेऊन आले. सुरमईचं सार, तांदळाची भाकरी. आये वाढताना म्हणाली, "जेव रे बाबा, लाजू नको," आणि मुलीने लगेच चमचा तिच्यापुढे सरकवला. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? मुलीने ऐटीत नियम सांगितला. शेवटी म्हणाली, "आजी रोज हरते."

त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मुलीला म्हणाले, "माझ्या आजोबांच्या शाळेतही हा खेळ होता. लाकडाचा तुकडा दोरीने गळ्यात. वेल्श बोलला की त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात, त्याला छडी."

"कुणी केला तो खेळ?" मुलीने विचारलं.

"आमच्याच मास्तरांनी. आणि आमच्याच आयांनी त्यांना चांगलं म्हटलं. मुलं पुढे जावीत म्हणून."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचे तुकडे करत राहिले, खाल्ला एकही नाही.

मग ते आयेकडे वळले आणि लहानपणची ती चर्चमधली कविता म्हणाले. वेल्शमध्ये, बसल्याबसल्या, हळू आवाजात. आये हातातलं भांडं तसंच धरून ऐकत उभी राहिली. ते थांबल्यावर म्हणाली, "आयेनं शिकवलंन वाटतं ह्येला."

मुलगी ओरडली, हे इंग्रजी नव्हतं, चमचा तुम्हाला! त्यांनी मान झुकवून हात पुढे केला. आयेने चमचा घट्ट धरला. "ऱ्हाऊं दे गो बाय. पाव्हण्याला कशाला? ह्यो माझा मान हाय."

त्यांना शब्द कळले नाहीत, पण धरलेली मूठ कळली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर मी आयेला ओट्यापाशी सगळं सांगितलं. आमच्या बोलीत सांगितलं, कितीतरी वर्षांनी. ती ताट विसळत राहिली. मग म्हणाली, "भांडी काय, मी अशीबी घासली असती." थोडं थांबून म्हणाली, "पोर बोलत न्हाय ती ह्येच्यासाठी व्हय? माला वाटलं, माझ्या अंगाला चुलीच्या धुराचा वास येतो. म्हून रोज दोनदा साबण लावीत व्हते."

ते वाक्य अजून मनातून जात नाही. माझ्या पदवीचा कागद स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीवर होता, त्याच्याखाली उभी राहून मी ते ऐकलं.

खेळ मी त्याच रात्री मोडला. पण त्याने मुलगी बोलायला लागली नाही. मराठी म्हणजे हरणं, हे मीच तिच्या डोक्यात बसवलं होतं. मग पाहुण्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मला भाषा परत मिळाली ती पाठांतराने, तेवढीच. मुलीला पाठ करू दे. कळलं नाही तरी चालेल. आजीकडून, कानाने. आणि मी जायच्या आधी मला प्रयोग हवा. मी तिकीट काढलेला प्रेक्षक आहे असं तिला सांगा."

प्रयोगाचं ऐकून मुलगी हलली. आयेने तिला भाताच्या खाचरातल्या खेकड्याची गोष्ट शिकवली, जी ती मला सांगायची. रोज दुपारी दोघी गच्चीच्या जिन्यात. एकदा मुलगी "न्हाय" म्हणाली तेव्हा मी सवयीने "नाही म्हण" म्हणाले. आये माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आत जा." मी गेले.

प्रयोग हॉटेलच्या लॉबीत झाला, सोफ्यासमोर. आये पहिल्यांदा हॉटेलात आली, नव्या लुगड्यात. मुलगी मध्येच अडकली तेव्हा आयेने मागून हलकेच शब्द दिला आणि गाडी पुढे गेली. खेकडा नांगी उगारून पळाला तेव्हा पाहुणे मोठ्याने हसले. त्यांना कुठे हसायचं ते कसं कळलं, मला माहीत नाही. शेवटी ते कुबडीवर रेलून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. नंतर एका सिनेमात मला ते दिसले, म्हातारे न्यायाधीश. त्यातही मेले.

आयेच्या व्हिसाचे उरलेले दिवस मोजकेच होते, पण गोष्टीतले शब्द मुलीच्या तोंडात बसू लागले होते. मधले जे आठवडे गेले ते गेले, ते मी तिला परत देऊ शकले नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. माझी मुलगी पडवीत बसून आपल्या आजीशी आमच्या वाडीच्या बोलीत बोलली, आणि दोघींना माझी गरज लागली नाही.